कोंबुचाची बरणी रोज वेगळी दिसते, म्हणून लगेच ओतून देऊ नका

घरून कोंबुचा विकायचा विचार करताय? मग रेसिपीच्या आधी बरणी बघायला शिका. माझ्या बॅचमधल्या एका ताईंनी 10 लिटर कोंबुचा मोरीत ओतला. कारण काय, तर आत तपकिरी दोरे लोंबत होते! अहो, ते यीस्ट. माल एकदम ठणठणीत होता.

साखर घातलेला कोरा चहा पूर्ण गार झाला, की त्यात आधीच्या बॅचचं आंबट पाणी (साधारण दहावा भाग) आणि स्कोबी जातो. वर सुती कापड बांधायचं. पहिले दोन-तीन दिवस बरणीत काहीच घडताना दिसत नाही आणि लोक अधीर होऊन ढवळतात. ढवळू नका. चौथ्या दिवसाच्या आसपास वर साय धरायला लागते, आधी ठिपक्याठिपक्यांनी, मग सलग. खाली बुडबुडे अडकतात. आठवड्याभरात साय जाड, मळकट पांढरी होते, तळाला गाळ बसतो आणि चहाचा रंग फिका पडतो. कोऱ्या चहात लिंबू पिळल्यावर पडतो ना, तसाच. आंबटपणा वाढल्याची ती खूण. जुना स्कोबी बुडाला, आडवा झाला, उभा राहिला, तरी चालतं.

आता खरी भीती, बुरशी. ती नेहमी वरच्या पृष्ठभागावर येते. कोरडी, लव असलेली, गोल गोल, पांढरी, हिरवी किंवा काळसर. नवी साय मात्र ओली आणि चकचकीत असते. शंका आली तर मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा, लव लगेच दिसते. आपल्याकडे लोणच्याचा वरचा थर काढून खालचं वापरतात, ते इथे अजिबात नाही. सगळं फेकायचं, स्कोबीसकट. 10 लिटरला साखर 700 ग्रॅम आणि चहा 70 ग्रॅम, म्हणजे सामान शंभराच्या आसपास. दुखतं ते वाया गेलेल्या दिवसांचं. पण गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं तर हिशोब कुठल्या वहीत मांडणार?

आणि नुसत्या डोळ्यांवर धंदा करू नका. पीएच पट्ट्या स्वस्त मिळतात. सुरुवातीला 4.5 च्या खाली, तयार झाल्यावर 2.5 ते 3.5 मध्ये असायला हवं. पुण्या-नाशिकच्या थंडीत बरणी रेंगाळते, एप्रिल-मेमध्ये भराभर आंबट होते, त्यामुळे "सातव्या दिवशी भरायचं" असा नियम करून चालत नाही.

बाटलीत भरल्यावरही आंबणं थांबत नाही. साखर उरलेली असते, गॅस वाढतो, अल्कोहोलही वाढतं. एफएसएसएआयच्या नियमात 0.5 टक्क्यांच्या वर गेलं की ते मद्य ठरतं. म्हणून लायसन्स तर घ्याच, शिवाय विकायच्या आधी लॅबमधून अल्कोहोल तपासून घ्या, दाब सहन करणारी काच वापरा आणि बाटली फ्रिजबाहेर ठेवू नका. दुकानदाराला हे तोंडी सांगून भागत नाही, तो बाटली उन्हातल्या काउंटरवर मांडतोच!

लेबलवर मोठ्या अक्षरात दोन ओळी छापा: "तळाचा गाळ आणि दोरे नैसर्गिक आहेत. फ्रिजमध्येच ठेवा, हलवू नका." आणि प्रत्येक बॅचचा चौथ्या आणि सातव्या दिवशी एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. पुढची बरणी विचित्र दिसली, की आधी ते फोटो उघडायचे.