रविवार-बुधवारची गोळी

‘हार्मोनची गोळी नको गं बाई, पुढं मूल राहायचं नाही,’ असं म्हणून कितीतरी बायका गर्भनिरोधनाचा विषयच बंद करतात. यातली भीती चुकीची आहेच, पण हार्मोन नसलेली गोळी आपल्याच देशात तयार झाली आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत डॉ. नित्य आनंद आणि सहकाऱ्यांनी ती शोधली. १९९१ मध्ये ती ‘सहेली’ नावानं बाजारात आली. सरकारी दवाखान्यात ती ‘छाया’ नावानं मोफत मिळते. ती स्त्रीबीज बाहेर पडणं थांबवत नाही, तर गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजण्याजोगं होऊ देत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे समजा रविवारी आणि बुधवारी, पुढं फक्त रविवारी. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. सुरुवातीला काहींची पाळी लांबते. मात्र बीजकोशात गाठी असतील किंवा नुकतीच कावीळ झाली असेल, तर ती घेऊ नये.

‘माला-एन’ या गोळीत मात्र हार्मोन असतात. त्यामुळं स्त्रीबीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव दाट होतो. ती रोज घ्यावी लागते. बंद केली की मूल राहू शकतं. वंध्यत्व येत नाही. पण रक्तदाब जास्त असेल, कधी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं असेल, तर ही गोळी नको. ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा. त्यानं पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. पण पाळी थांबली म्हणून ‘वाईट रक्त’ आत साठत नाही. बंद केल्यावर दिवस राहायला मात्र सात ते दहा महिने लागू शकतात, हे आधीच सांगायला हवं.

तांबीत हार्मोन नाही. तांब्यामुळं शुक्रजंतू निकामी होतात. प्रकारानुसार ती पाच किंवा दहा वर्षं चालते. पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, पोटात दुखतं. रक्त आधीच कमी असलेल्या बाईनं हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. अशा बाईला हार्मोन सोडणारं गर्भाशयातलं साधन उलट उपयोगी पडतं, कारण त्यानं रक्तस्राव घटतो. ते महाग आहे, एवढंच. म्हणून हार्मोन वाईट की चांगलं हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाच्या शरीराला, कोणत्या वेळी, हे विचारायला हवं.

आणि पुरुष? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदीचा वाटा ०.३ टक्के. हे प्रमाण लाजिरवाणं आहे. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, पुरुषत्वावर परिणाम होत नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणी करून खात्री करायची. घरात मुलं पुरे झाली असतील, तर पुढच्या आठवड्यात आशाताईंना या नसबंदीबद्दल नवऱ्यानं स्वतः विचारावं.