माळवद गेलं, शेजार पांगला

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसं गेली. उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं पक्की, रस्ते रुंद, आखणी सरळ. जुनी दगड-मातीची घरं मात्र एकमेकांना खेटून होती. या माळवदावरची हाक त्या माळवदावर पोचायची. नकाशात भावकी-शेजाराला रकाना नव्हता, आणि ही चूक लहान नव्हे.

अनाथ, निराधार मुलांचा विचार काहींनी वेगळा केला. भारतीय जैन संघटनेच्या शांतीलाल मुथ्था यांनी १,२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. नळदुर्गला पन्नालाल सुराणांच्या पुढाकाराने ‘आपलं घर’ उभं राहिलं. सोबतीला तसंच दुःख पाहिलेली पोरं होती, हे औषधाहून कमी नाही.

माणसांची सोबत किती मोलाची, हे हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासातही दिसतं. माणसांचं आयुष्य वर्षानुवर्षं पाहणारा हा अभ्यास १९३८ पासून चालू आहे. ७२४ पुरुषांपासून सुरुवात झाली, पुढे बायका-मुलंही त्यात आली. पन्नाशीत नात्यांबद्दल समाधानी असलेले लोक ऐंशीत जास्त धडधाकट आढळले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा हे समाधान पुढचं जास्त सांगून गेलं.

म्हणूनच, ‘नीट’च्या तयारीसाठी घर-शेजार सोडून नांदेड-लातूरला राहणाऱ्या पोरांच्या आई-बापांनी वसतिगृह निवडताना निकालाच्या फलकाआधी भेटीचे नियम विचारावेत.