दगड कोण सरकवणार?

माझं माहेर धुळ्याचं. लहानपणी ईस्टरच्या दिवशी आई आम्हाला पहाटे चारलाच उठवायची. आंघोळी उरकून, मोगऱ्याचे गजरे माळून अंधारातच आम्ही चर्चची वाट धरायचो. फटफटताना सगळे एकमेकांना म्हणायचे, "प्रभू उठला आहे!" समोरून उत्तर यायचं, "खरोखर उठला आहे!" लग्न होऊन जळगावला आले तरी हा नेम चुकला नाही. चुकला तो २०२० साली.

२५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. यांची शाळेच्या मुलांची व्हॅन. शाळाच बंद, मग व्हॅन दारात उभी. कर्जाचे हप्ते पुढे ढकलले गेले, पण व्याज काही थांबलं नाही. व्हॅन घेताना माझ्या बांगड्या आधीच गहाण पडलेल्या. सोन्याच्या बाजारासाठी नावाजलेल्या गावात मी रिकाम्या हातांनी वावरत होते, पण त्याचं मला काही नव्हतं. भीती वेगळीच होती. १० एप्रिलला, उत्तम शुक्रवारच्या रात्री, हे भरल्या ताटावरून उठले आणि म्हणाले, "माझं आता संपलं." मी रात्रभर त्यांच्याकडे बघत जागी राहिले.

१२ तारखेला ईस्टर. चर्च बंद, पण सवयीनं चारला जाग आली. गच्चीवर गेले, मेणबत्ती लावली आणि मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय उघडला. येशूला कबरेत ठेवल्याचा तिसरा दिवस. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमी या तिघीजणी सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्यात. कबरेच्या तोंडाशी भलामोठा दगड. तो कोण सरकवणार, हेच त्या आपसात बोलताहेत. उत्तर एकीकडेही नाही. तरी चालल्यात! पोचतात तो दगड सरकलेला...

इतकी वर्षं मी हे ऐकत आले होते, पण लक्ष नेहमी सरकलेल्या दगडाकडे. त्या दिवशी पहिल्यांदा त्या बायकांची पावलं दिसली.

उजाडलं तशी शेजारच्या गच्चीवरून काकूंनी हाक मारली. काकू वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. माझे डोळे बघून म्हणाल्या, "रडत काय बठनी वं माय! चाल, बिबड्या कराले." ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर थापायचा आणि खानदेशातल्या कडक उन्हात वाळवायचा. तोंडाला पदर बांधून आम्ही दोघी आपापल्या गच्चीवर थापत बसलो. त्या उन्हाळ्यात ओळखीपाळखीच्यांनी बिबड्या विकत घेतल्या. चार पैसे हातात आले. त्याहून मोठं म्हणजे, एक दिवस हे न सांगता फडकी पिळायला बसले. जूनमध्ये यांनी व्हॅन बाहेर काढली आणि केळी-भाजी घेऊन दारोदार फिरू लागले.

थापताना काकू बहिणाबाईंच्या गोष्टी सांगायच्या. जळगावजवळच्या आसोद्याची ही लेक, १८८० सालची. तिशीत विधवा झाली, लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी जातं ओढता ओढता, शेतात राबता राबता गाणी रचत राहिली. १९५१ मध्ये ती गेली आणि पुढच्या वर्षी तिच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. मातीआड गेलेलं बी उगवून येतं, हे शेतकऱ्याच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. ईस्टर तरी दुसरं काय सांगतो?

सगळंच गोड झालं असं मात्र नाही हं. बांगड्या सोडवता आल्या नाहीत, त्या गेल्याच. कर्ज फिटायलाही वेळ लागला. पण २०२२ च्या ईस्टरला, १७ एप्रिलला, पहाटे आम्ही चर्चला निघालो, तेव्हा मला उठवलं ते यांनी. म्हणाले, "चल, उशीर होईल."

मैत्रिणींनो, दगड कोण सरकवणार हे आजही मला ठाऊक नसतं. पण दगड सरकेल तेव्हा सरकेल, आपण घरातून निघायचं, एवढं मात्र मी त्या तिघींकडून शिकले. तुमच्या वाटेवरही असा एखादा दगड असेलच ना?