टर्बो इंजिन : बळ आणि संयम

संस्कृतात ‘यंत्र’ हा शब्द ‘यम्’ या धातूपासून साधितात. या धातूचा अर्थ आवरणे, ताब्यात ठेवणे असा आहे. ‘नियम’ आणि ‘संयम’ हे शब्दही त्याच कुळातले. तेव्हा व्युत्पत्तीने पाहिले तर ‘यंत्र’ म्हणजे नुसते बळ निर्माण करणारी वस्तू नव्हे. बळाला आवरून कामास लावणारे साधन, तेच यंत्र होय.

हा अर्थ आज मुद्दाम स्मरण्याचे कारण असे की, अलीकडे सुशिक्षित कुटुंबांच्या दारी ज्या मोटारी येऊ लागल्या आहेत, त्यांतील पुष्कळांच्या पाठीवर ‘टर्बो’ ही अक्षरे झळकताना दिसतात, आणि घरातील तरुण मंडळींच्या तोंडी ‘टॉर्क’ हा शब्द रुळला आहे. त्याबरोबर एक नवा मोहही घरात शिरला आहे. कोणा कारागिराकडे गाडी न्यावी, तिच्या आतील संगणकाच्या आज्ञा बदलून घ्याव्यात, आणि कारखान्याने दिले त्याहून अधिक बळ इंजिनातून काढावे, असा हा मोह आहे. वडीलधारी मंडळी ‘नको’ म्हणतात, परंतु का नको, हे त्यांस सांगता येत नाही. आणि कारण न सांगता केलेला निषेध तरुणांस पटत नाही. या वादातील दोन्ही पक्षांस उपयोगी पडावे, म्हणून हा विषय मुळापासून पाहू.

प्रथम टॉर्क म्हणजे काय ते पाहू. घट्ट बसलेली चाकी आखूड पान्याने सुटत नाही, लांब पान्याने सुटते, हे सर्वांस ठाऊक आहे. आस फिरविण्याचे हे जे सामर्थ्य, त्यासच टॉर्क म्हणतात. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकास सुमारे १०२ ग्रॅम वजनाइतका जोर लावला, तर तो एक न्यूटन-मीटर टॉर्क झाला. एक लिटर क्षमतेचे साधे पेट्रोल इंजिन सुमारे ९० न्यूटन-मीटर टॉर्क देते. म्हणजे त्या मीटरभर दांड्यास सव्वानऊ किलोंचा भार लटकावा, इतका. तेवढ्याच क्षमतेचे टर्बो इंजिन १५० ते १७० न्यूटन-मीटर देते, आणि ते मिनिटाला पंधराशे ते दोन हजार फेऱ्या इतक्या मंद गतीवरच देऊ लागते. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्यांची गती यांचा गुणाकार. म्हणून पुष्कळ फेऱ्या मारूनही अश्वशक्ती वाढविता येते. परंतु कोकणातून परतताना सामानासह पाच-सहा माणसे घेऊन करूळचा घाट चढावयाचा असतो, तेव्हा वळणावर मंदावलेल्या गाडीस पुन्हा उचलते ती अश्वशक्तीची मोठी संख्या नव्हे, तर मंद गतीवर मिळणारा हा टॉर्क.

इतके बळ त्याच लहान इंजिनात येते कोठून? इंजिन हा अग्नीचा व्यवहार आहे, आणि अग्नी हवेवर जगतो. पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जाळण्यास वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. पेट्रोल वाटेल तितके ओतता येईल. अडते ते हवेपाशी. लोहार आपल्या भट्टीस भात्याने वारा घालतो, तेच येथे करावयाचे. फरक एवढाच की हा भाता हलविण्यास निराळा माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका लहानशा चक्रावर आदळतो, ते चक्र फिरते, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास बसविलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. अग्नीने आपल्याच धुराने आपला भाता हलवावा, अशी ही युक्ती आहे.

ही युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. तिचे मोठे फळ दिसले ते जहाजांत. १९२६ च्या सुमारास ‘प्रॉयसेन’ व ‘हान्सेष्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांस टर्बो जोडल्यावर १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. तत्पूर्वीच, १९१८ साली, अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस याने विमानाचे एक इंजिन पाइक्स पीक नावाच्या चौदा हजार फुटांहून उंच पर्वतावर नेऊन पाहिले होते. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथील विरळ हवेत २३० वर आले, आणि टर्बो जोडताच पुन्हा ३५६ वर गेले. भात्याचे सामर्थ्य याहून स्पष्ट कसे दाखवावे?

परंतु बळ मिळविणे हा या कथेचा पूर्वार्ध झाला. उत्तरार्ध ते टिकविण्याचा आहे, आणि तो अधिक कठीण आहे.

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हे मुलांसही ठाऊक असते. तीस अंश उष्णतेची हवा दुप्पट दाबावर नेली, तर टर्बोतून ती शंभर अंशांच्या बरीच पुढे जाऊन बाहेर पडते. अशी तप्त व दाट हवा सिलिंडरात शिरली म्हणजे पेट्रोलच्या मिश्रणास ठिणगीची वाट पाहण्याचा धीर राहत नाही. ठिणगीपासून ज्योत शांतपणे पसरत जावयाची. तिच्याऐवजी एका कोपऱ्यातील मिश्रण आपण होऊन एकदम पेट घेते, आणि धातूवर हातोडी मारावी तसा ठोका ऐकू येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. जोराच्या अशा ठोक्यांनी पिस्टनच्या कडा तुटतात आणि त्याच्या माथ्यास भोकही पडते.

दाबाचाही विचार करावा. सात सेंटीमीटर व्यासाच्या पिस्टनवर ज्वलनाच्या क्षणी ऐंशी बार दाब आला, तर त्यावर पडणारा भार तीन टनांहून अधिक होतो. इंजिन मिनिटास दोन हजार फेऱ्या करीत असेल, तर प्रत्येक पिस्टनवर हा भार सेकंदास सोळा-सतरा वेळा येतो. तिकडे टर्बोचा दांडा मिनिटास लाखावर फेऱ्या करतो. पेट्रोल इंजिनात त्याच्या एका टोकास नऊशे अंशांच्या घरातील धूर असतो आणि दुसऱ्या टोकास बाहेरची हवा. मध्ये त्यास आधार असतो तो केवळ तेलाच्या पातळ थराचा.

या उष्णतेस न जुमानल्यास काय होते, याचे उदाहरण मोटारींच्या इतिहासाच्या आरंभीच सापडते. १९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या दोन टर्बो मोटारी विक्रीस आल्या. त्यांपैकी ओल्ड्समोबिल ‘जेटफायर’ हिच्या इंजिनात मिश्रण सव्वादहा पटींनी दाबले जाई. इतक्या दाबावर ठोका न पडावा म्हणून पाणी व मिथिल अल्कोहोल यांचे एक द्रावण सतत आत फवारावे लागे. द्रावणाची टाकी मालकाने वेळोवेळी भरावी, अशी अपेक्षा होती. पुष्कळांनी ती भरली नाही. टाकी रिकामी झाली की इंजिनाचे बळ आपोआप कमी होई, आणि तक्रारी वाढल्या. १९६३ नंतर ती मोटार बंद झाली, आणि पुढे कित्येकांच्या गाड्यांवरील टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसविण्यात आला. दुसरी मोटार ‘कॉर्व्हेअर’. तिच्या रचनाकारांनी इंजिनातील दाबाचे प्रमाणच आठ पटींवर उतरविले, आणि ती टर्बोसह १९६६ पर्यंत टिकली. जे इंजिन मालकाच्या नित्य दक्षतेवर विसंबून राहते, ते कितीही बलवान असले तरी विश्वासू नव्हे. आणि जे आधीच थोडे कमी मागते, ते अधिक काळ देते.

आजचे टर्बो इंजिन विश्वासू झाले ते अशा संयमाच्या अनेक योजनांमुळे. दाबलेली हवा ‘इंटरकूलर’ नामक जाळीतून नेऊन थंड केली जाते. पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची धार सोडतात. ठोक्याची चाहूल घेणारा एक संवेदक असतो. तो संगणकास कळवितो, आणि संगणक ठिणगी किंचित लांबवितो. आणि दाब ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ लागला की ‘वेस्टगेट’ नावाची झडप उघडून धूर चक्रास वळसा घालून निघून जातो. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरची शिट्टी जे काम करते, त्याच जातीचे हे काम आहे. शिट्टीवर वजन ठेवून भात लवकर शिजवावा, असे कोणी गृहिणी म्हणणार नाही. संगणकाच्या आज्ञा बदलून दाब वाढविणे हे मात्र पुष्कळ अंशी तसेच आहे.

या विषयाशी कोल्हापूरचा संबंध नुसत्या घाटापुरता नाही. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांसारख्या कर्त्या माणसांनी येथील यंत्रोद्योगाचा पाया घातला, आणि उद्यमनगरात शेतीच्या पंपांची ऑइल इंजिने तयार होऊ लागली. पुढे खेड्यापाड्यांत वीज पोहोचली, विजेचे पंप आले, आणि ऑइल इंजिनांची मागणी ओसरली. तेव्हा येथील ओतकामाच्या कारखान्यांनी, म्हणजे आपल्या बोलीतील फौंड्र्यांनी, मोटारी, मालमोटारी व ट्रॅक्टर यांच्या भागांकडे मोर्चा वळविला. आज शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल या औद्योगिक वसाहतींत इंजिनांचे ठोकळे, सिलिंडर हेड असे भाग ओतले जातात. शिरोलीस मेनन पिस्टन्सचा कारखाना पिस्टन करतो, गोकुळ शिरगावास मेनन बेअरिंग्ज इंजिनाची बेअरिंगे करते, आणि कागलला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना आहे.

विश्वासू इंजिनाची खरी परीक्षा या ओतकामातच होते. सिलिंडरभोवती पाणी खेळावे म्हणून वाळूचे गाभे साच्यात बसवितात आणि भोवती वितळलेले लोखंड ओततात. गाभा किंचित सरकला की एका बाजूची भिंत जाड व दुसरी पातळ होते. वाळूत ओल अधिक राहिली की वाफ होऊन लोखंडात बुडबुडे राहतात. बाहेरून ठोकळा निर्दोष दिसतो. साध्या इंजिनात असा दोष कदाचित आयुष्यभर झाकूनही राहील. टर्बोचा दाब व उष्णता मात्र तो शोधून काढतात. लहान मोटारींचे ठोकळे हल्ली बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, पण त्यांसही हाच न्याय लागू आहे. घरातील तरुणास जो ‘हातचा राखून ठेवलेला’ दाब वाया गेलेला वाटतो, तो वस्तुतः धातूतील अशा लहानमोठ्या उणिवांसाठी, निकृष्ट पेट्रोलसाठी आणि मे महिन्यातील उन्हासाठी राखलेला असतो. तो संपविणे म्हणजे घरची गंगाजळी दिवाळीत उडविण्यासारखे आहे. शिवाय अशा फेरफाराने उत्पादकाची हमी धोक्यात येते. आणि नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मर्यादा घातली आहे, हेही ध्यानी असावे.

मग घरच्या माणसांनी करावे काय? उत्पादकाने सांगितलेल्या जातीचेच तेल घालावे आणि ते वेळेवर बदलावे; टर्बोचा प्राण तेलात आहे. गाडी सुरू करताच जोराने हाकू नये. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करिता मिनिटभर मंद चालू द्यावे, म्हणजे तप्त दांड्याभोवतीचे तेल जळून त्याचा कोळसा होत नाही. वरच्या गिअरमध्ये अगदी मंद गतीवर असताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नये. लहान टर्बो इंजिनांत अशाच वेळी ठिणगीपूर्वीच स्फोट होण्याचा संभव असतो. गिअर उतरवावा आणि मग बळ मागावे.

तथापि केवळ निषेधाने तरुणांचे समाधान होणार नाही, व होऊही नये. बळाची हौस ही वाईट हौस नव्हे. कोल्हापूरचा यंत्रोद्योग अशाच हौशी माणसांच्या हातून उभा राहिला. ज्यास इंजिनाचे वेड आहे, त्याने दारच्या गाडीची झडप बांधण्याऐवजी एखाद्या फौंड्रीत जाऊन गाभा कसा बसवितात ते पाहावे, जुने इंजिन उघडून बेअरिंगचे माप घ्यावे. आज याची निकड अधिक आहे. विजेच्या मोटारीत ना पिस्टन असतो, ना सिलिंडरचा ठोकळा. आणि तिची मोटर पहिल्या फेरीपासूनच भरपूर टॉर्क देते, त्यासाठी भाता लागत नाही. येथील ज्या घरांची चूल इंजिनाच्या ओतकामावर पेटते, त्यांच्यापुढे हा प्रश्न उभा आहे. विजेचे पंप आले तेव्हा ज्यांना धातूची जात, वाळूची ओल आणि मापाचा काटेकोरपणा ठाऊक होता, तेच कारागीर नव्या कामाकडे वळू शकले. पुढील वळणावरही उपयोगी पडेल ती हीच विद्या. दाब किती वाढविता येतो, हे संगणकाच्या दोन कळा दाबून कोणासही कळेल. तो किती वाढवावा आणि कोठे थांबावे, हे ज्यास कळते त्याच्याच हाती यंत्र द्यावे.