तयार निकष-तक्ता व आपला वर्ग
(ऑनलाइन स्वाध्याय तपासणाऱ्या शिक्षकांसाठी)

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे सूत्र घेऊन आपल्या राज्यातील शिक्षकांनी भ्रमणध्वनीवरून अध्यापन चालू ठेवले. ‘स्वाध्याय’ या उपक्रमात व्हॉट्सॲपवरून प्रश्नसंच येत, आणि बहुपर्यायी असल्यामुळे त्यांची उत्तरे यंत्रच तपासून देई. परंतु मुलाने लिहिलेले वर्णन, काढलेला नकाशा, घेतलेली मुलाखत यांचे मोल यंत्राला ठरविता येत नाही. ते काम शिक्षकाचेच राहिले. शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी ऑनलाइन स्वाध्याय देण्याची पद्धत अनेक ठिकाणी टिकून आहे. त्याबरोबरच स्वाध्याय तपासण्याचे तयार तक्तेही आपल्या हाती येऊ लागले आहेत. हे तक्ते आपल्या वर्गास अनुरूप कसे करून घ्यावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. निकष-तक्ता म्हणजे काय?

इंग्रजीत यास ‘रूब्रिक’ म्हणतात. हा शब्द मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ तांबडी माती, म्हणजे आपला गेरू, असा आहे. जुन्या हस्तलिखितांत मथळे व सूचना तांबड्या शाईने लिहीत, त्यावरून हे नाव पडले. आपण त्यास निकष-तक्ता म्हणू.

या तक्त्यात उभ्या बाजूस निकष असतात, म्हणजे मुलाच्या कामात आपण काय पाहणार त्या गोष्टी. आडव्या बाजूस पातळ्या असतात, म्हणजे ती गोष्ट कितपत साधली याच्या पायऱ्या. प्रत्येक चौकटीत त्या पायरीचे वर्णन व गुण लिहिलेले असतात. ‘दहापैकी सहा’ एवढेच सांगितल्याने मुलास काही बोध होत नाही. चार कोठे गेले, हे तक्ता सांगतो.

ही कल्पना आपणांस सर्वस्वी नवी नाही. शिक्षण हक्क कायद्यास अनुसरून आपल्या राज्याने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. त्यात आकारिक मूल्यमापनास पहिली-दुसरीसाठी शेकडा ७० व तिसरी-चौथीसाठी शेकडा ६० इतके वजन दिले गेले. निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय ही त्याची साधने होत. या साधनांना गुण देताना प्रत्येक शिक्षक मनात काही निकष धरतोच. ते मनातील निकष कागदावर उतरविले की निकष-तक्ता तयार होतो.

२. तयार नमुना पुरा का पडत नाही?

तयार नमुन्याने श्रम वाचतात, हे खरे. कोरा कागद समोर घेऊन बसण्यापेक्षा कोणी तरी आखलेला तक्ता हाती असणे केव्हाही बरे. परंतु तो आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपला वर्ग नव्हता. पुष्कळसे नमुने मोठ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमासाठी केलेले असतात. ज्याच्या घरी संगणक, छपाईयंत्र व स्वतःचा भ्रमणध्वनी आहे असा विद्यार्थी त्यात गृहीत असतो. असा तक्ता चौथीच्या वर्गास जसाच्या तसा लावला, तर मुलाचे शिकणे मोजावयाचे राहून त्याच्या घरची परिस्थितीच मोजली जाते.

एक उदाहरण घेऊन हे पाहू.

३. माजिवड्याचा स्वाध्याय

माजिवडा हे आज ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे; ती महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. तेथील शाळा जिल्हा परिषदेच्या नाहीत. तरीही हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. नाशिककडे जाणारा महामार्ग व घोडबंदर रस्ता जेथे एकत्र येतात, तेथे हे जुने गाव आहे. एकीकडे आगरी-कोळी वस्तीचे गावठाण, दुसरीकडे उंच इमारती, वरून जाणारा उड्डाणपूल, असे त्याचे आजचे रूप आहे. भिवंडी, कल्याण व अंबरनाथ तालुक्यांतील कित्येक गावे याच वाटेने चालली आहेत, आणि शहापूर-मुरबाडपर्यंतही हा बदल पोहोचू लागला आहे.

समजा, येथील चौथीच्या वर्गास परिसर अभ्यासात ‘आमचा परिसर : काल आणि आज’ हा स्वाध्याय दिला. घरातील अथवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीस विचारून, पूर्वी येथे काय होते व आता काय आहे ते लिहावे, एक साधा नकाशा काढावा, आणि वहीच्या पानाचे छायाचित्र काढून पाठवावे.

तपासण्यासाठी शिक्षकाने एक तयार नमुना घेतला. त्यात चार निकष आहेत : माहितीची अचूकता, शुद्धलेखन, सजावट व चित्रे, वेळेवर सादरीकरण. प्रत्येकास ५ गुण, एकूण २०.

आता दोन मुले कल्पू. पहिल्याने १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, ही माहिती कोठून तरी उतरवून घेतली, रंगीत चित्रे छापून चिकटविली व वेळेत पाठविली. एकही चूक नाही. त्यास २० पैकी २० गुण पडतात. दुसऱ्या मुलीने आजीस विचारले. घरामागे शेत कोठे होते, विहीर कोठे होती, आता तेथे कोणती इमारत आहे, हे तिने लिहिले व शिसपेनने नकाशा काढला. आजीचे आगरी शब्द तसेच ठेवले. काही ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले. घरातील एकमेव भ्रमणध्वनी वडील कामावर घेऊन जातात, म्हणून पान दोन दिवस उशिरा आले, आणि छायाचित्रही अंधुक. तिला अचूकतेत ४, शुद्धलेखनात २, सजावटीत २ व वेळेत १, असे ९ गुण मिळतात, म्हणजे शेकडा ४५.

रेल्वेसंबंधीचे ते विधान सत्य आहे, पण स्वाध्यायाने ते विचारलेलेच नव्हते. जे विचारले होते ते त्या मुलीने केले, आणि तक्त्याने तिला मागे टाकले. शिक्षकाच्या मनात पक्षपात मुळीच नव्हता. तो पक्षपात तक्त्यातच दडलेला होता. तीन-चार स्वाध्याय असे तपासले गेले, तर ती मुलगी आजीस काही विचारण्याचे सोडून देईल.

४. बदल कसा करावा?

पहिली पायरी : उद्दिष्ट एका वाक्यात लिहावे. वरील स्वाध्यायाचे उद्दिष्ट ‘परिसरातील बदल स्वतः विचारून व पाहून समजून घेणे’ हे आहे. नमुन्यातील प्रत्येक निकष या वाक्याशी ताडून पाहावा. सजावटीचा त्याच्याशी संबंध नाही, तेव्हा ती काढावी. शुद्धलेखन महत्त्वाचे आहे. पण त्याचे मोजमाप भाषेच्या तासाला व्हावे. येथे चुकलेला शब्द दुरुस्त करून द्यावा, गुण कापू नयेत. मुलाखतीत टिपलेला बोलीभाषेतील शब्द तर चूक नव्हेच. तो मुलाने मिळविलेल्या माहितीचाच भाग आहे.

दुसरी पायरी : निकष थोडे ठेवावेत. प्राथमिक वर्गास तीन किंवा चार पुरेत. दहा निकषांचा तक्ता चाळीस मुलांसाठी भरावयाचा म्हटले, की तो दुसऱ्या आठवड्यात कपाटात जातो.

तिसरी पायरी : महत्त्वानुसार गुण वाटावेत. सर्व निकषांना सारखे गुण देणे सोयीचे असले, तरी न्याय्य असतेच असे नाही. आपल्या उदाहरणात पुढीलप्रमाणे वाटणी करता येईल :

माहिती मिळविणे – ८, ६ किंवा ३ गुण.
काल व आज यांची तुलना – ६, ४ किंवा २ गुण.
वाचणाऱ्यास समजेल अशी मांडणी व नकाशा – ४, ३ किंवा १ गुण.
माहिती कोणाकडून मिळाली याची नोंद – २, १ किंवा ० गुण.

चौथी पायरी : पातळ्यांची वर्णने डोळ्यांना दिसेल अशा शब्दांत लिहावीत. ‘उत्तम’, ‘बरे’, ‘साधारण’ हे शब्द शेरे आहेत, वर्णने नव्हेत. माहिती मिळविण्याच्या निकषापुढे असे लिहिता येईल : ‘किमान एका व्यक्तीस विचारून, स्वतः पाहून, तीन किंवा अधिक बदल नोंदविले’ – ८, ‘विचारून किंवा पाहून एक-दोन बदल नोंदविले’ – ६, ‘पुस्तकातील किंवा इतरांची माहिती उतरविली’ – ३. अशा वर्णनामुळे गुण कशाचे, याविषयी वाद उरत नाही.

या तक्त्याने पहिल्या मुलास ३, २, ४ व १, असे १० गुण मिळतात. त्या मुलीस ८, ४, ३ व २, असे १७ गुण मिळतात. पहिल्या मुलास कमी गुण दिले म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. ‘तुझी मांडणी स्वच्छ आहे, आता शेजारच्या आजोबांना दोन प्रश्न विचारून ये,’ असे त्यास सांगावे व सुधारून आणलेले काम पुन्हा तपासावे. आकारिक मूल्यमापन याचसाठी आहे.

पाचवी पायरी : उशीर वेगळा नोंदवावा. वेळेचे भान मुलांना लागावे, यात शंका नाही. परंतु उशिराचे कारण अनेकदा मुलाच्या हाती नसते. त्याची नोंद हजेरीजवळ किंवा निरीक्षणाच्या वहीत करावी. परिसर अभ्यासाचे ज्ञान किती, या प्रश्नाच्या उत्तरात ती मिसळू नये. छायाचित्र अंधुक असेल, तर गुण कापण्यापूर्वी वहीच मागवून पाहावी.

५. गुणांचे श्रेणीत रूपांतर

तयार नमुन्यांत बहुधा ४, ३, २, १ अशा चार पातळ्या असतात. हे आकडे आपल्या श्रेणींत नेताना विशेष सावध राहावे. चार निकषांच्या तक्त्यात सर्वत्र ३ मिळविणाऱ्या मुलास १६ पैकी १२, म्हणजे शेकडा ७५ पडतात. आपल्या पद्धतीत ७१ ते ८० ची श्रेणी ब-१, तेव्हा हे ठीक जुळते. सर्वत्र २ मिळविणाऱ्यास मात्र शेकडा ५० पडून ४१ ते ५० ची क-२ श्रेणी येते. नमुन्यात त्या पातळीचे नाव ‘प्रगतिपथावर’ असे असेल, तर पालकांस मिळणारा बोध आणि तक्त्यातील शब्द यांत अंतर पडते. उलटपक्षी, सर्वांत खालची पातळी १ ची असल्यामुळे ज्याने जवळजवळ काहीच केले नाही त्यासही १६ पैकी ४, म्हणजे शेकडा २५ मिळतात.

म्हणून प्रत्येक पातळीवरच्या काल्पनिक मुलाची बेरीज आधी करून पाहावी. आपल्या माजिवड्याच्या तक्त्यात सर्व निकषांत मधली पातळी गाठणाऱ्यास ६, ४, ३ व १, असे १४ गुण, म्हणजे शेकडा ७० व श्रेणी ब-२ मिळते. असे काम करणाऱ्या मुलास ही श्रेणी योग्य वाटते काय, हे मनाशी ठरवावे. वाटत नसेल, तर वर्णने न बदलता गुण बदलावेत.

६. वापरण्यापूर्वी व वापरताना

तक्ता पक्का करण्यापूर्वी सहशिक्षकासह पाच वह्या स्वतंत्रपणे तपासाव्यात. एकाच कामास दोघांनी वेगळी पातळी दिली असेल, तर ते वर्णन संदिग्ध आहे असे समजून दुरुस्त करावे. एकशिक्षकी शाळेत हे काम केंद्राच्या शिक्षण परिषदेत करता येईल.

तक्ता मुलांना स्वाध्यायाबरोबरच सांगावा, तपासल्यानंतर नव्हे. तो सोप्या शब्दांत फळ्यावर लिहावा आणि मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे ज्याच्या घरी भ्रमणध्वनी नाही त्यासही तो कळेल. वह्या पाहिल्यावर निकष किंवा गुण बदलू नयेत. मग हेतू कितीही चांगला असो. उणीव आढळल्यास ती टिपून ठेवावी व पुढील स्वाध्यायाच्या वेळी दुरुस्ती करावी.

गूगल क्लासरूमसारख्या साधनात स्वाध्यायास निकष-तक्ता जोडण्याची, तोच पुढे पुन्हा वापरण्याची व सहकाऱ्यास देण्याची सोय आहे. या सोयीचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र मागील तक्ता पुन्हा वापरताना निकष नव्या उद्दिष्टाशी ताडून पाहण्यास विसरू नये. अन्यथा आपलाच जुना तक्ता आपल्यापुढे परका नमुना होऊन उभा राहील. तसेच, एका मुलाचा भरलेला तक्ता पालकांच्या सामाईक गटावर टाकू नये. तो त्या मुलास व त्याच्या पालकांसच दाखवावा.

७. एक शंका

प्रत्येक शाळेने तक्ता बदलला तर शाळाशाळांची तुलना कशी होणार, अशी शंका काही शिक्षक घेतात. तुलनेसाठी संकलित चाचण्या आहेतच. आकारिक स्वाध्यायाचे प्रयोजन निराळे आहे. हे मूल आज कोठे आहे व त्याने पुढे कोणते पाऊल टाकावे, हे त्यातून कळावयास हवे. भातशेतीच्या गावातील मुलाने आपल्या बांधावर पाहिलेला बदल व माजिवड्याच्या मुलीने उड्डाणपुलाखाली पाहिलेला बदल एकाच फुटपट्टीने मोजण्याचे कारण नाही. दोघांनी स्वतः पाहिले काय व विचारले काय, एवढे मात्र दोन्ही ठिकाणी सारखेच विचारता येते.

शिक्षक बंधु-भगिनींनी येत्या महिन्यात एका विषयाचा एकच स्वाध्याय निवडून त्याचा तक्ता वरील पायऱ्यांनी बदलून पाहावा. जुन्या तक्त्याने व नव्या तक्त्याने तपासलेले गुण शेजारी-शेजारी मांडावेत. ज्या मुलांचे स्थान दोन्हींत फार बदलेल, त्यांच्या वह्या पुन्हा एकदा सावकाश वाचाव्यात. आजवर आपल्या नजरेतून काय निसटत होते, ते त्या वह्यांतून समजेल. आपले अनुभव केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत अवश्य मांडावेत.