नऊ वर्षांचा तगादा

धर्मानंद कोसंबी १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात प्रथम गेले ते हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे काम तडीस नेण्याकरिता; आणि ती आवृत्ती हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत छापून निघाली ती १९५० साली, म्हणजे सेवाग्राम येथे धर्मानंदांनी देह ठेवल्याला तीन वर्षे उलटून गेल्यावर. मधल्या काळात त्यांचे चिरंजीव दामोदर त्याच विद्यापीठाची पदवी १९२९ साली घेऊन स्वदेशी परतलेही होते. हा दाखला मी निंदेकरिता देत नाही. जी संस्था १६३६ साली, म्हणजे आपल्याकडे शिवाजीमहाराज सहासात वर्षांचे असताना, स्थापन झाली, तिच्या हिशेबी चाळीस वर्षे म्हणजे काही फार मोठा काळ नव्हे, एवढेच मला सुचवायचे आहे. याउलट तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती मोजून चार वर्षे असतात, आणि त्यांपैकी पहिले वर्ष वाटा ओळखीच्या होण्यात व शेवटचे पुढच्या पोटापाण्याची तजवीज करण्यात जाते. २०१२ ते २०२१ या काळात हार्वर्डच्या आवारात जो झगडा चालला, त्याचा मागोवा घेताना कालमानातली ही तफावत सतत नजरेसमोर ठेवावी लागते. कारण माझ्या मते तेथे खरी कसोटी युक्तिवादापेक्षा सबुरीचीच लागली.

झगडा होता विद्यापीठाच्या गंगाजळीबद्दल. देणगीदारांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या रकमांचा हा कायमचा निधी जगातील कोणत्याही विद्यापीठापाशी असलेल्या अशा निधीहून मोठा आहे. २०२० च्या जूनअखेर तो ४,१९० कोटी डॉलरांच्या घरात होता. मुद्दलाला शक्यतो हात न लावता उत्पन्नातून खर्च भागवावा, या हेतूने तो निरनिराळ्या धंद्यांत गुंतवला जातो आणि ते काम १९७४ साली स्थापन झालेली विद्यापीठाचीच एक कंपनी पाहते. सर्वांवर मुखत्यारी मात्र १६५० च्या सनदेने अस्तित्वात आलेल्या ‘कॉर्पोरेशन’ नामक लहानशा मंडळाची. या मंडळाच्या बैठका बंद दाराआड होतात. विद्यार्थ्यांची मागणी एका वाक्याची होती: कोळसा, तेल व वायू जमिनीतून उपसणाऱ्या कंपन्यांत या गंगाजळीतला पैसा असू नये.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर विद्यापीठावर अन्याय होईल. पर्यावरणाविषयी ते उदासीन होते असे मुळीच नाही. आपल्या इमारतींतून होणारे कर्बवायूंचे उत्सर्जन २००६ च्या मानाने २०१६ पर्यंत ३० टक्क्यांनी खाली आणण्याचा संकल्प त्याने २००८ मध्ये सोडला आणि मुदतीत तो पारही पाडला. वसतिगृहांतून विजेची उधळपट्टी करू नका, उष्टेमाष्टे वेगळे टाका, असे आपल्या सोबत्यांना सांगत फिरणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ उत्तेजन देत असे, नव्हे, त्या कामाचा मोबदलाही देत असे. दिवे मालवण्याच्या मोहिमेला कोणत्याही दप्तरात विरोध होत नाही; त्यात वीजबिलाची बचत असते आणि वार्षिक अहवालाला एक छायाचित्रही मिळते. आपल्याकडील महाविद्यालयांतून पाच जूनला होणारे वृक्षारोपण ज्यांनी पाहिले आहे, आणि पुढच्या पाच जूनला त्याच खड्ड्यात दुसरे रोप लागलेलेही पाहिले आहे, त्यांना हे विस्ताराने सांगायला नको. विद्यार्थ्यांचे बोट दिव्याच्या बटणावरून तिजोरीच्या कुलपाकडे वळले, तेव्हा सूर बदलला.

हे बोट प्रथम वळले ते हार्वर्डमध्ये नव्हे. पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर या लहानशा महाविद्यालयाचे काही विद्यार्थी वेस्ट व्हर्जिनियात, कोळशाच्या थरांपर्यंत पोचण्यासाठी डोंगरांचे माथे सुरुंगांनी उडवतात तो प्रकार पाहून आले, आणि २०११ च्या सुमारास त्यांनी आपल्या महाविद्यालयाकडे ही मागणी केली. (स्वार्थमोरच्या विश्वस्तांनी ती २०१५ मध्ये साफ नामंजूर केली, आरंभकर्त्याच्या पदरी यश पडतेच असे नाही.) पुढे २०१२ च्या जुलैत बिल मॅकिबेन यांनी ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात एक लेख लिहून सारा प्रश्न त्रैराशिकासारखा मांडला: पृथ्वीची तापमानवाढ दोन अंशांच्या आत राखायची तर आणखी ५६,५०० कोटी टन कर्बवायू हवेत सोडता येईल, आणि कंपन्यांनी व तेलसंपन्न राष्ट्रांनी आपल्या खात्यावर मांडून ठेवलेले साठे जाळले तर २,७९,५०० कोटी टन सुटेल. जवळजवळ पाचपट! मॅकिबेन स्वतः हार्वर्डचेच विद्यार्थी, तेथील ‘क्रिमसन’ या विद्यार्थी-दैनिकात तयार झालेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मेन राज्यातील युनिटी या छोट्या महाविद्यालयाने आपला पैसा काढून घेण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात हार्वर्डच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी कौल दिला. मतदान करणाऱ्यांपैकी ७२ टक्के मागणीच्या बाजूचे निघाले.

अध्यक्षा ड्रू फाउस्ट यांनी २०१३ च्या ऑक्टोबरात जे उत्तर प्रसिद्ध केले ते टाकाऊ नव्हते. गंगाजळी ही विद्यादानाचे साधन आहे, राजकीय वा सामाजिक परिवर्तन घडवून आणण्याचे हत्यार नव्हे. विद्यापीठाने शेअर विकले तर दुसरा कोणीतरी ते घेईल आणि कंपनीला त्याची झळही लागणार नाही. शिवाय ज्या इंधनावर आपले दिवे व गाड्या चालतात, त्याच्याच उत्पादकांना अस्पृश्य ठरवण्यात विसंगती आहे, असा त्यांचा सर्वसाधारण आशय. यातला दुसरा मुद्दा आजही खोडून काढणे कठीण आहे, आणि विद्यार्थ्यांनीही, शेअर विकल्याने तेलाचे एक पिंप कमी निघेल, असा दावा सहसा केला नाही. त्यांचा भर प्रतिष्ठेवर होता: हार्वर्डसारख्या संस्थेचे नाव ज्या धंद्यामागून निघून जाते, त्या धंद्याची समाजातली पत उतरते. पहिल्या मुद्द्याला मात्र त्यांनी विद्यापीठाच्याच दप्तरातली उदाहरणे काढून दाखवली. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतील गुंतवणूक विद्यापीठाने १९८० च्या दशकात अंशतः का होईना काढली होती. तंबाखूच्या कंपन्यांतील पैसा काढल्याचे १९९० मध्ये अध्यक्ष डेरेक बॉक यांनी जाहीर केले होते. आणि सुदानातील तेलव्यवहारात गुंतलेल्या ‘पेट्रोचायना’चे शेअर २००५ मध्ये विकले होते. तेव्हा हत्यार म्यानात आहे, हे विधान खरे. म्यान कधी उघडलेच नाही, हे खरे नव्हे.

यानंतरची दोन-तीन वर्षे धरण्यांची व दाव्यांची. हार्वर्डच्या जुन्या आवारात १७२० साली बांधलेली ‘मॅसॅच्युसेट्स हॉल’ ही विटांची इमारत, विद्यापीठाच्या उभ्या असलेल्या वास्तूंपैकी सर्वांत जुनी. खाली अध्यक्षांचे कार्यालय आणि वरच्या मजल्यांवर प्रथम वर्षाच्या मूठभर विद्यार्थ्यांच्या खोल्या, अशी तिची चमत्कारिक विभागणी आहे. म्हणजे पायजम्यावर खाली उतरणारा अठरा वर्षांचा मुलगा आणि कॉर्पोरेशनच्या मसलतीला निघालेला कारभारी यांचे छप्पर एकच. २०१४ च्या एप्रिलअखेर विद्यार्थ्यांनी हिच्या दाराशी ठाण मांडले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे एक मे रोजी, त्यांच्यापैकी एकाला पोलिसांनी पकडून नेले. पुढल्या वर्षीच्या एप्रिलात पुन्हा तेच दार, या वेळी सबंध आठवडा, आणि या खेपेस माजी विद्यार्थीही बरोबर. दरम्यान सात विद्यार्थ्यांनी २०१४ च्या नोव्हेंबरात कॉर्पोरेशनवर दावा लावला. त्यांनी तो केवळ स्वतःच्या नावाने लावला नाही. जे अजून जन्मले नाहीत, किंवा जन्मले असले तरी आपला हक्क सांगण्याइतके मोठे झाले नाहीत, त्या भावी पिढ्यांच्याही वतीने लावला. न जन्मलेल्यांचे वकीलपत्र घेण्याची ही कल्पना मला फार हृद्य वाटली. न्यायालयाला वाटली नाही. वादींना असा दावा आणण्याचा अधिकारच पोचत नाही, असे म्हणून तो २०१५ च्या मार्चमध्ये काढून टाकण्यात आला आणि २०१६ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम झाला.

त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात, ज्यांनी प्रथम वर्षात असताना तो ७२ टक्क्यांचा कौल दिला होता, ते विद्यार्थी पदव्या घेऊन बाहेर पडले. कोणत्याही अधिकाऱ्याने मनात योजले नसेल, योजण्याची गरजही नव्हती. पण अशा प्रकरणात कारभाऱ्यांचा सर्वांत विश्वासू मित्र म्हणजे पदवीदान समारंभ. नुसते ‘विचाराधीन आहे’ असे म्हणत राहावे, की चार वर्षांत अर्जदार आपोआप बदलतो. २०१७ च्या वसंतात विद्यापीठाच्या एका गुंतवणूक अधिकाऱ्याने, खनिज इंधनाच्या काही व्यवहारांत तूर्त नवा पैसा घालणे थांबवले आहे, असे बोलून दाखवले, तेव्हा विद्यार्थ्यांना हर्ष झाला. परंतु हे धोरण म्हणून नव्हे, असा खुलासाही पाठोपाठ आला. त्यानंतर चळवळ जवळजवळ विझल्यासारखी होती. ती पुन्हा पेटवली ती २०१२ मध्ये जे शाळेत होते अशांनी.

त्यांनी केलेल्या सर्व उद्योगांत जो सर्वांच्या स्मरणात राहिला, तो २३ नोव्हेंबर २०१९ चा. हार्वर्ड आणि येल यांच्यातला वार्षिक अमेरिकन फुटबॉलचा सामना हा तिकडे आपल्या वारीसारखाच चुकवायचा नसतो. वृद्ध पदवीधर गळपट्टे गुंडाळून दूरदूरच्या राज्यांतून येतात. त्या वर्षी तो न्यू हेवन येथील ‘येल बोल’ या जुन्या मैदानावर होता. मध्यंतर संपत आले आणि खेळाडू परतायच्या बेतात असताना दोन्ही विद्यापीठांची मुले मैदानाच्या मध्यभागी चालत आली आणि हातातले फलक उलगडून हिरवळीवर खाली बसली. यात कोणीच जिंकत नाही, अशा अर्थाचा मजकूर फलकावर होता. ध्वनिक्षेपकावरून, खेळाडूंचा मान राखून मैदान मोकळे करा, अशी विनवणी होऊ लागली. तिचा परिणाम उलटाच झाला: प्रेक्षागारातून आणखी माणसे कठडे ओलांडून खाली उतरली, आणि पाहता पाहता बसलेल्यांची संख्या शेकड्यांत गेली. शेवटी बहुतेकांना उठवण्यात आले, बेचाळीस जणांवर गैरशिस्तीच्या वर्तनाचे आरोप ठेवण्यात आले आणि सुमारे तासाभराच्या खोळंब्यानंतर सामना पुढे सुरू झाला. आता त्या मैदानावर विजेचे दिवे नाहीत, आणि नोव्हेंबरातला तो दिवस चारनंतर झपाट्याने मावळत होता. पिछाडीवर पडलेल्या येलने बरोबरी साधली, एक जादा डाव झाला, दुसरा झाला, चेंडू दिसेनासा होण्याच्या बेतात आला, आणि त्या कातरवेळी येलने ५० विरुद्ध ४३ असा सामना जिंकला. ज्यांना तेलकंपन्यांच्या शेअरांशी काही देणेघेणे नव्हते अशा हजारो लोकांना त्या संध्याकाळी अंधारात घरी जाताना ही मुले कशासाठी बसली होती, हे निदान एकमेकांना विचारावे लागले.

यानंतर घटना वेगाने घडल्या. कला व विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी २०२० च्या फेब्रुवारीत १७९ विरुद्ध २० मतांनी विद्यार्थ्यांच्या मागणीला पाठिंबा दिला. एप्रिलमध्ये अध्यक्ष लॉरेन्स बॅको यांच्या कारभाराने, २०५० पर्यंत सबंध गंगाजळीच कर्बवायूंच्या दृष्टीने निव्वळ शून्यावर आणू, असे जाहीर केले. तीस वर्षांची ही मुदत पाहून, चार वर्षांवाल्यांना दिलेल्या उत्तरात याहून चतुर मखलाशी सापडणार नाही, असे मला तेव्हा वाटले होते. त्याच साली माजी विद्यार्थी मतदार असलेल्या ‘ओव्हरसीअर्स’ मंडळाच्या निवडणुकीत अर्जाच्या वाटेने, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा करून, उभ्या राहिलेल्या, निर्गुंतवणुकीच्या पुरस्कर्त्या उमेदवारांनी पाचांपैकी तीन जागा पटकावल्या. ही वाट नवी नव्हे: वर्णद्वेषविरोधी माजी विद्यार्थ्यांनी १९८९ मध्ये याच मार्गाने डेस्मंड टूटू यांना त्या मंडळावर पाठवले होते. निकालानंतर काही आठवड्यांतच, तीस जणांच्या मंडळावर अर्जाने आलेले सभासद एका वेळी सहाहून अधिक नसावेत, असा नियम करण्यात आला. नियमाचे समर्थन काहीही असो, त्याच्या तारखेने त्याचा अर्थ सांगून टाकला.

२०२१ च्या मार्चमध्ये विद्यार्थ्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या महाधिवक्ता मॉरा हीली यांच्याकडे फिर्याद नेली, आणि या वेळी मागच्या दाव्यातून धडा घेऊन भावी पिढ्यांचे नव्हे तर विश्वस्तनिधीच्या कायद्याचे बोट धरले: धर्मादाय संस्थेचा निधी शहाणपणाने व संस्थेच्या उद्दिष्टाला अनुसरून गुंतवणे हे विश्वस्तांचे कायदेशीर कर्तव्य आहे, सबब ही गुंतवणूक त्या कर्तव्याचा भंग ठरते. तिचा निकाल लागण्यापूर्वीच, ९ सप्टेंबर रोजी, अध्यक्ष बॅको यांचे पत्र निघाले. इंधनाचे नवे साठे शोधणाऱ्या वा विकसित करणाऱ्या कंपन्यांत गंगाजळीची थेट गुंतवणूक आता नाही आणि पुढे करण्याचा विचारही नाही. खासगी निधींच्या मार्फत झालेली जुनी गुंतवणूक दोन टक्क्यांहूनही कमी असून मुदती संपतील तशी ती मोकळी होईल. विद्यार्थ्यांनी नऊ वर्षे जो शब्द फलकांवर रंगवला आणि अर्जांत लिहिला, तो ‘निर्गुंतवणूक’ हा शब्द या पत्रात नव्हता. त्यांनी तो स्वतःच्या निवेदनात घालून विजय साजरा केला. पुढल्याच वर्षी, हवामानविषयक संशोधनाला पैसा कोणाचा, हा प्रश्न घेऊन ते पुन्हा त्याच दप्तरापुढे उभे होते. मॅसॅच्युसेट्स हॉलच्या वरच्या खोल्यांत ज्या वर्गाची बिऱ्हाडे त्या पत्राच्या वेळी लागली, त्या वर्गातली बहुतेक मुले पहिला कौल घेतला गेला तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती.