कण्हेर लावा, पण जपून!

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते आळेफाट्याला एकमेकांना छेदतात. असे मोठे रस्ते पाहताना मधल्या दुभाजकाकडे लक्ष द्या. भर उन्हातही गुलाबी, पांढऱ्या, मंद सुवासाच्या फुलांनी डवरलेली झुडपे अनेक ठिकाणी दिसतील. ही कण्हेर. समोरच्या वाहनांच्या दिव्यांचा झोत ती अडवते, धूर सोसते आणि थोड्या पाण्यावर तगते.

हे तिला कसे जमते? पानाच्या खालच्या बाजूला बारीक खळगे असतात. पर्णरंध्रे या खळग्यांत, केसांच्या आड दडलेली असतात. त्यामुळे बाष्प कमी उडते.

गुरे हिरव्या कण्हेरीला सहसा तोंड लावत नाहीत, कारण ती कडू असते. तिच्या सर्वच भागांत ओलिअँड्रिन व त्यासारखी विषे असतात. हृदयाच्या पेशींतून सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा 'पंप' ती बंद पाडतात. मग पेशींत कॅल्शियम वाढते आणि ठोक्यांची लय बिघडते. केरळातील त्रावणकोर देवस्वम मंडळाने २०२४ साली नैवेद्य-प्रसादात ही फुले वापरणे बंद केले, ते याच धोक्यामुळे. गंमत अशी, की एका हिरव्या पतंगाची अळी हीच पाने खाऊन वाढते!

कण्हेर लावायची असेल, तर पावसाळ्यात वीतभर लांबीची, अर्धवट जून फांदी पेराखाली कापा. खालची पाने काढून ती वाळू व शेणखत मिसळलेल्या मातीत खोचा. पाणी साचू देऊ नका. साधारण महिन्याभरात मुळे फुटतात. पुढे मात्र भरपूर ऊन हवे.

काम करताना हातमोजे घाला. पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. नंतर हात साबणाने धुवा.

खरी काळजी घ्यायची ती छाटणीनंतर. पाने वाळली तरी विष जात नाही, पण कडूपणा कमी होतो. मग चाऱ्यात मिसळलेली पाने गाय किंवा शेळी सहज खाऊन जाते. म्हणून छाटलेल्या फांद्या रस्त्याकडेला किंवा गोठ्याजवळ टाकू नका. जाळूही नका, धूरही विषारी असतो. खड्ड्यात पुरा. कोणी पान-फूल खाल्लेच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला लगेच दवाखान्यात न्या आणि झाडाची फांदी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या शाळेच्या कुंपणाला कण्हेर आहे का? असेल तर ती तोडू नका. तिच्याजवळ नावाची पाटी लावा आणि पाटीवर 'विषारी' हा शब्द ठळक लिहा.